मंत्रचळ एकाचा, झळ साऱ्या घराला

दाराची कडी लावली की नाही हे पुन:पुन्हा उठून पाहणारा किंवा नळाखाली हात धरून अर्धा अर्धा तास उभा राहणारा मनुष्य आपल्याकडे सहसा चेष्टेचा विषय होतो. त्याच्या अवस्थेला मराठीत ‘मंत्रचळ’ असा नेमका शब्द आहे. डॉक्टर तिला ‘ओसीडी’ म्हणतात. शब्द जुना असला तरी तो नावे ठेवण्यापुरताच वापरला गेला, आजाराचे नाव म्हणून तो रुजला नाही. वस्तुत: या आजारात नको असलेला विचार मनात घुसतो. तो अवास्तव आहे हे बहुतेक वेळा रुग्णालाही कळत असते. तरीही त्यातून उठणारी भीती शमविण्यासाठी तो धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात पुटपुटणे यांपैकी काहीतरी करीत राहतो. भीती क्षणभर उतरते, आणि उतरते म्हणूनच तीच कृती पुन्हा करावीशी वाटते.

या चक्रात घरातली माणसे नकळत ओढली जातात, इकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘गॅस बंद केला ना?’ असे सून दहा वेळा विचारते आणि सासू दहाही वेळा ‘केला गं बाई’ म्हणून सांगते. मुलांना शाळेतून आल्यावर उंबऱ्यातच कपडे बदलावे लागतात. पाहुणे येणे बंद होते, कारण ते गेल्यावर सारे घर धुवावे लागते. हे सगळे मायेपोटी किंवा घरात शांतता राहावी म्हणून चाललेले असते. परंतु दर वेळी दिलेल्या दिलाशाने आजाराला खतपाणीच मिळते. उलटपक्षी, संतापून नळ बंद करणे, हात धरून ओढणे, चारचौघांत पाणउतारा करणे यांनीही भीती वाढतेच. लाड आणि राग या दोहोंमधली वाट कोणती, हे घरच्यांना कोणी सांगितलेले नसते. सोवळ्याओवळ्याची सवय असलेल्या घरात तर आजार कोठे सुरू झाला हेच पुष्कळ काळ उमगत नाही. २०२० च्या साथीत हात धुण्याचा आदेश सरकारनेच दिला, तेव्हा अशा घरांची पंचाईत किती झाली असेल याची कल्पना करता येते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा विचार करता या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कृष्णाकाठी पाणी मुबलक. पण माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणाचे. टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात एका माणसाला धुण्यासाठी पाच बादल्या अधिक लागल्या, तर ते भांडण केवळ स्वभावाचे राहत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत जाते. शिवाय वेळेचा हिशेब आहेच. आजार बहुधा पौगंडावस्थेत किंवा विशीत सुरू होतो. म्हणजे परीक्षा हुकते, नोकरीची संधी जाते, आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी कामावरून रजा घेऊन जवळ राहावे लागते. हा खर्च कोणत्याही वहीत मांडला जात नाही.

अशी घरे किती असावीत? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आकडा जपूनच वापरला पाहिजे. तथापि २०११ च्या जनगणनेनुसार या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या ५८ लाखांवर होती. त्यांतील प्रौढ सुमारे ४० लाख धरले, तर रुग्णांची संख्या तीस हजारांच्या घरात जाते. एका रुग्णामागे घरातील तीन-चार माणसे धरली, की या झळीत असलेल्यांची संख्या लाखावर जाते.

उपचार नाहीत असे मुळीच नाही. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधे जेनेरिक स्वरूपात मिळतात. मात्र गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि महिन्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. दुसरा उपाय वर्तनोपचाराचा. भीती वाटते त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि धुण्याची वा तपासण्याची कृती करायची नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मायर यांनी लंडनमध्ये दोन रुग्णांवर हा प्रयोग केला, तेव्हा परिचारिका सतत देखरेखीला होत्या. माणमधल्या किंवा जतमधल्या घरात ती परिचारिका म्हणजे आई, बायको किंवा भाऊ. तिला शिकवायचे कोणी?

देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा पातळीवरचा १९९६ पासून. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान द्यावे असे २०१७ चा कायदा सांगतो. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून घरबसल्या सल्ला मिळतो आणि घरच्यांनाही तेथे बोलता येते. हे सारे स्वागतार्ह आहे. पण कायदा आणि औषधे ही रुग्णाच्या नावाने येतात. केसपेपरवर आईचे नाव नसते.

या बाबतीत पुण्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी स्वत:च्या घरात छिन्नमनस्कता पाहिली आणि त्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ मधील ‘देवराई’ हा चित्रपट याच धडपडीशी जोडलेला. आजार वेगळा, पण घरच्या माणसांनी एकत्र बसावे, एकमेकांचे ऐकावे, ही त्या संस्थेमागची दृष्टी मंत्रचळाच्या घरांनाही तितकीच लागू पडते.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आहे. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय त्याला जोडलेले आहे. या ठिकाणी महिन्यातून एकदा केवळ घरच्यांसाठी बैठक भरविण्यास नवी इमारत लागत नाही; एक खोली, सतरंजी आणि समजावून सांगणारा एक समुपदेशक पुरे. प्रश्नाला दिलासा न देता ‘हे तुझा आजार विचारतो आहे’ असे शांतपणे कसे म्हणावे, एका वेळी एकच सवलत कशी काढून घ्यावी आणि तीही रुग्णाशी आधी ठरवून, हे तेथे शिकता येईल. शिक्षक मंडळींनी वर्गात वही पुन:पुन्हा खोडणारा मुलगा आळशी ठरविण्याआधी त्याच्या पालकांना या बैठकीचा पत्ता द्यावा. बैठक मात्र आठवडा बाजाराच्या दिवशी नको, आणि दुपारी दोनच्या आत संपायला हवी. म्हणजे दहिवडीच्या आणि जतच्या माणसांना दिवेलागणीपूर्वी घरी पोचविणारी एस. टी. मिळेल.