टाच वाजू नये म्हणून

मार्चिंग बँडच्या बुटाची टाच मागच्या बाजूने गोलसर उतरती असते. ऑफिसच्या साध्या बुटाला तिथे कोपरा असतो. चालताना आधी तो कोपरा आपटतो आणि मग अख्खा तळ फटकन खाली येतो. बँडच्या बुटातून हा कोपराच काढून टाकलेला असतो, त्यामुळे पाय डुलत्या खुर्चीच्या पायांसारखा टाचेकडून चवड्याकडे कलत जातो. बाकी बूट अगदी साधा: काळा, लेसचा, वरून रेक्झिनसारखा, ओल्या फडक्याने पुसला की झाला. पाहणाऱ्याला तो शाळेच्या गणवेशातलाच वाटावा. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर ड्रम कोअर इंटरनॅशनल या मार्चिंग बँडच्या स्पर्धेची अंतिम फेरी होते, तिच्या बातम्यांत गुण येतात, पोशाखांचे फोटो येतात. बुटाचा उल्लेख सहसा येत नाही, आणि बूट चांगला असल्याची तीच खूण मानता येईल.

ही टाच ज्या चालीसाठी घडवली तिला रोल स्टेप म्हणतात. पुढचा पाय टाचेवर टेकतो तेव्हा चवडा ताठ वर उचललेला असतो, मग वजन हळूहळू पुढे सरकते. पावलाची लांबीही ठरलेली. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते आणि बँडचे नेहमीचे माप आठ पावलांत पाच यार्ड, म्हणजे एका पावलाला साडेबावीस इंच. आठव्या ठोक्याला पाय रेघेवर आलाच पाहिजे. मिनिटाला 180 ठोक्यांची लय या मैदानावर नवलाची नाही, म्हणजे सेकंदाला तीन पावले, आणि तीही खाली न बघता, ट्रम्पेट वाजवत.

ट्रम्पेटचे मुखपात्र ओठांवर टेकलेले असते. टाच आपटली की धक्का गुडघा, कंबर, खांदा असा वर चढतो आणि वाद्य ओठांवर आदळते. सूर तिथेच हलतो. क्लॅरिनेटचे तर मुखपात्र दातांखाली असते. ऐकणाऱ्याला चूक पायाची आहे हे कळत नाही, स्वर कापतोय एवढेच कळते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन येणारी बाई कंबरेखाली चालते आणि कंबरेवर स्थिर राहते. बँडमधल्या मुलाला नेमके तेच शिकावे लागते, फक्त त्याची घागर ओठांवर असते.

सैन्याच्या बुटाचे काम याच्या बरोबर उलट. एनसीसीत परेड केलेल्या कुणालाही ते माहीत असते: 'थम' म्हटल्यावर साऱ्या टाचा एकदम वाजल्या पाहिजेत. पाऊल 30 इंचांचे, टाच कडक, कित्येकदा नाल ठोकलेली. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटला सैनिकी बँड वाजतात ते याच घराण्याचे. अमेरिकेतले बँडही मूळचे सैनिकीच. त्यांनी टाचेचा आवाज टाकून दिला तो संचलन सोडून मैदानावर आकृत्या काढू लागल्यावर.

आकृत्या काढायच्या म्हटल्यावर उलटे चालणे आले. मागे जाताना टाच जमिनीला लावायची नसते, सारा भार चवड्यावर. म्हणून बुटाचा पुढचा भाग सहज वाकला पाहिजे आणि तळ फार जाड असून चालत नाही. बास ड्रमवाल्यांची कथा निराळी. त्यांच्या ड्रमची तोंडे दोन बाजूंना, त्यामुळे ते प्रेक्षकांकडे आडवे उभे राहतात आणि खेळातला बराचसा वेळ खेकड्यासारखे, पायावरून पाय टाकत सरकतात. रोल स्टेपच्या उतरत्या टाचेचा तिथे काडीचा उपयोग नाही.

उंच पावलांच्या बँडनाही तो नाही. या शैलीत मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा उचलायचा आणि बोटे जमिनीकडे रोखून पाय खाली आणायचा. आधी चवडा लागतो. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांतले बँड यात अव्वल. त्यांतला फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग 100' फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, 14 जुलै 1989 रोजी पॅरिसमध्ये अमेरिकेतर्फे चालला होता. अशा चालीत नजर खिळते ती घोट्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे स्पॅट्सवर. अठराव्या शतकातल्या सैनिकांच्या पायांवर चिखल उडू नये म्हणून गुडघ्यापर्यंत जी आवरणे असत, त्यांचा हा आखूड वारस. ओहायो स्टेटचा बँड 1936 पासून मैदानावर चालता चालता 'ओहायो' हा शब्द लिहितो आणि 'आय'वरचा ठिपका सूसाफोनवाला देतो. तो ठिपका द्यायला ऐटीत निघतो तेव्हा स्टेडियमच्या वरच्या रांगेतूनही त्याचे पाय दिसतात, ते याच पांढऱ्या पट्ट्यांमुळे.

टेक्सास ए अँड एमच्या ॲगी बँडने सैनिकी वळण सोडलेले नाही. तिथे पाऊल अजून 30 इंचांचेच, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे तपकिरी चामडी घोडदळी बूट. ते मापाने शिवून घ्यावे लागतात, किंमत हजार डॉलरच्या वर जाते आणि ते पायात चढवणे ही स्वतंत्र कसरत आहे. वाजवायला सोयीचे म्हणून ते कुणी घालत नाही. चार वर्षे काढल्याचा तो मान आहे, आणि मानापुढे टाचेच्या उताराचा हिशेब कोण करतो!

रंगाचे राजकारण याहून मजेदार. ड्रम कोअरच्या स्पर्धांत 1983 पर्यंत चुका मोजून गुण कापायची पद्धत होती. परीक्षक मैदानात वादकांच्या रांगांमधून फिरत आणि पाय ठेक्याबाहेर पडलेला दिसला की एक दशांश गुण गेला. पांढरा बूट हिरवळीवर अशी चूक लांबूनही दाखवतो. तो घालणे म्हणजे आपल्याच चुकीवर दिवा लावणे, आणि तरी आत्मविश्वास असलेली पथके तो घालत. काळी पँट, काळे मोजे, काळा बूट असे त्रिकूट जमले की पाय अंधारात जातो. मात्र त्यात एक मेख आहे. पँटची उंची थोडी कमी पडली आणि मोजा आखूड असला, तर पाय उचलताच घोट्यापाशी कातडीची किंवा पांढऱ्या मोज्याची फट चमकते. शंभर काळ्या पायांत तेवढी एकच फट दिसते. म्हणून स्पर्धेला निघताना काळ्या मोज्यांचे जादा जोड बरोबर असावेच लागतात.

झेंडे फिरवणाऱ्या कलर गार्डचे पाय नर्तकांचे, म्हणून त्यांना मऊ जाझ शूज किंवा फक्त चवड्याला बसणारा अर्धा तळ. मैदानाच्या पुढच्या कडेला मारिम्बा वाजवणारे तर चालतच नाहीत. त्यांचा बूट निव्वळ गणवेशापुरता.

या बुटांची खरी अडचण सरावात आहे. उन्हाळ्यात ड्रम कोअरचा सराव सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो, तोही धावण्याच्या बुटांत. स्पर्धेचे बूट निघतात ते संध्याकाळच्या अकरा-बारा मिनिटांसाठी. पायाने अभ्यास एका बुटात करायचा आणि परीक्षा दुसऱ्यात द्यायची! त्यात कृत्रिम हिरवळ कडक उन्हात 60 अंशांच्या वर तापते, पाय सुजतात, खांद्यावर ड्रम असतोच. नडगी दुखणे, टाच दुखणे, पायाच्या हाडाला बारीक तडा जाणे ही या पोरांची नेहमीची दुखणी, धावपटूंच्या यादीशी जुळणारी. मऊ आतला सोल घालून थोडा आराम पडतो. पातळ तळाच्या बुटाकडून त्याहून जास्त अपेक्षा धरता येत नाही.

साहजिकच गेल्या दहाएक वर्षांत बऱ्याच पथकांनी सरावाचेच बूट स्पर्धेच्या मैदानात आणले. कँटन, ओहायोच्या ब्लूकोट्सनी 2016 साली टोप्या-तुऱ्यांचा पारंपरिक गणवेश उतरवून ठेवला आणि विजेतेपद मिळवले. त्यानंतर पोशाख दरवर्षी बदलू लागला आणि त्याच्याबरोबर रंगवलेले स्पोर्ट्स शूजही आले. पायांच्या दृष्टीने हा बदल चांगलाच. रांगेच्या दृष्टीने मात्र नुकसान झाले आहे. जाड, फुगीर तळाच्या बुटात चवडा किती उचलला हे कळत नाही, आणि दीडशे चवडे एका कोनात उठलेले पाहण्याची गंमत हरवते.

शाळांना हा शौक परवडत नाही. बहुतेक ठिकाणी गणवेश शाळेचा आणि बूट विद्यार्थ्याचा असतो, म्हणून एका खेळापुरता बूट कुणी मागत नाही. टेक्सास किंवा न्यू जर्सीत ज्या मराठी घरांतली मुले शाळेच्या बँडमध्ये जातात, त्यांच्या हाती शाळा सुरू होण्याआधी जी यादी पडते तिच्यात अजून तोच उतरत्या टाचेचा काळा बूट असतो. त्याच्याखाली मोजे लिहिलेले असतात: काळे, आणि घोट्याच्या बरेच वर येणारे.