चौल बंदराचे शेजारी

बालमित्रांनो, आपलं यवतमाळ म्हणजे कापसाचा मुलूख. समुद्र इथून कितीतरी लांब! पण आज आपण जाणार आहोत थेट समुद्रकाठी, रायगड जिल्ह्यातल्या चौलला. अलिबागच्या दक्षिणेला चौल आणि त्याला लागूनच रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेलं हे गाव एके काळी अरबस्तानापर्यंत माहीत असलेलं मोठं बंदर होतं, बरं का!

इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा एक भटक्या लेखक इकडे आला. त्याचं नाव अल-मसुदी. त्याने वर्णन केलेलं ‘सैमूर’ म्हणजे आपलं चौल, असं इतिहासकार मानतात. तेव्हा राज्य होतं राष्ट्रकूटांचं आणि त्यांच्या हाताखाली इथला कारभार पाहत होता झंझ नावाचा शिलाहार राजा. मसुदी लिहितो, इथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात. कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी इराणातल्या सिराफ बंदराचे. इथेच लग्नं करून राहिलेले. त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलाबाळांना ‘बयासिरा’ असं वेगळं नावसुद्धा होतं.

गंमत पुढेच आहे. राजा हिंदू, पण या लोकांचे तंटे सोडवायला त्याने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्याला म्हणत ‘हुनरमन’. राजाने हे नुसत्या भलेपणाने केलं असेल, असं मला नाही वाटत. परक्या मुलखात आपल्या रीतीने न्याय मिळतो म्हटल्यावर व्यापारी पुढच्या वर्षी पुन्हा गलबत भरून येणार, आणि राजाच्या तिजोरीत जकात पडणार!

पण नेहमीच असं सुरळीत चाले असं नाही. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. गोरा माणूस बघायला लोक त्याच्यामागे घोळक्याने फिरत. तो जुन्नरला पोचला, तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला. म्हणाला, “मुसलमान हो, तर परत देतो.” बिचारा निकितिन रडकुंडीला आला. शेवटी त्याच्यासाठी खानाकडे रदबदली केली ती खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थानेच. घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला.

मग पोर्तुगीज आले. १५२१ साली त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. १७४० मध्ये ते गेले, पण खाडीपलीकडच्या कोर्लई गावात ख्रिस्ती शेतकरी राहिले. त्यांची बोली पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आहे. ती बोलणारे जेमतेम हजारभर असतील. ते तिला ‘नोव लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’.

याच किनाऱ्यावर बेने इस्रायल म्हणजे आपले मराठी ज्यूही राहत. नवगावजवळ फार पूर्वी जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा. ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी मात्र घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू भाषा विसरली, तरी शनिवार विसरला नाही. त्यांच्या ‘मलिदा’ या प्रसादात काय असतं, ओळखा पाहू? आपले पोहे, गूळ आणि ओलं खोबरं!

आडनावंही गावांचीच. ‘बूट पॉलिश’ (१९५४) सिनेमातला जॉनचाचा तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ते काम करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजेच चौल.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि नंतरच्या वर्षांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. अलिबागच्या ‘इस्रायल आळी’त त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, माणसं मात्र मोजकीच उरली. गेलेल्यांनी तिकडे ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक काढलं, चक्क मराठीत!