एक घंटा, दोन हात



कचेरीच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांशेजारी कधी कधी एखादा पिवळट पडलेला संगणक दिसतो. आपण त्यास अडगळ समजतो. पण त्याच्या पोटात एखाद्या माणसाच्या उभ्या नोकरीचा हिशेब असू शकतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असेच झाले. एका निवृत्त कारकुनाचे निवृत्तिवेतन अडले होते. सेवापुस्तकाची काही पाने वाळवीने खाल्लेली. त्यांतील नोंदी उरल्या होत्या त्या अशाच एका संगणकात. त्याचा फ्लॉपी वाचणारा भाग निकामी झाला होता. तेव्हा यंत्रात नेटवर्क कार्ड बसवून ते दुसऱ्या संगणकाशी जोडावयाचे ठरले.

आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुख्य पटलावर पाच लांबट खाचा होत्या. जे काम यंत्रास मुळात येत नाही, त्याचे कार्ड या खाचेत बसवावयाचे, अशी ती योजना. १९८४ च्या यंत्रात तिचा विस्तार झाला. आमचा संगणक त्याच घराण्यातला.

कार्ड बसविणे हे हाताचे काम अवघड नाही. प्रथम विजेची पिन काढावी. पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. कार्ड कडांनी धरून खाचेवर सरळ ठेवावे, दोन्ही टोकांस सारखा दाब द्यावा आणि स्क्रूने पक्के करावे. हे सारे आम्ही केले. संगणक सुरूही झाला. पण नेटवर्कची आज्ञावली चालू करताच माउस जागच्या जागी थिजला, आणि दुसऱ्या संगणकाकडून काही उत्तर येईना.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा कार्डास एक पत्ता लागतो आणि एक घंटा. पत्त्यावर प्रोसेसर त्याच्याशी बोलतो. आणि प्रोसेसरचे लक्ष वेधावयाचे असेल तेव्हा कार्ड घंटा वाजविते. तंत्रज्ञ हिला आयआरक्यू म्हणतात. या यंत्रात घंटांचे क्रमांक ० ते १५. त्यांतील पुष्कळ कळफलक, घड्याळ, डिस्क यांनी आधीच अडविलेले. एका घंटेवर दोघांचे हात पडले, की कोणी बोलाविले हेच कळत नाही. आमच्या कार्डाचा पत्ता षोडशमान पद्धतीतील ३०० होता. तो मोकळा होता. घंटा मात्र ३ क्रमांकाची, आणि तीच दुसऱ्या सिरियल पोर्टची, जेथे आमचा माउस जोडला होता!

अशा कार्डावर बारीक पिनांची रांग असते, आणि दोन पिना जोडणारे नखाएवढे टोपण असते. त्यास जम्पर म्हणतात. वीज बंद करून आम्ही ते ३ वरून ५ वर आणले. ५ हा क्रमांक दुसऱ्या प्रिंटर पोर्टचा, आणि तसा पोर्ट आमच्या यंत्रात नव्हता. मग आज्ञावलीच्या मांडणीतही ३ च्या जागी ५ लिहिले. हे विसरून चालत नाही. कार्ड एका घंटेवर बोलावील आणि आज्ञावली दुसरीकडे कान लावून बसेल, तर सारा खटाटोप व्यर्थ.

१९९३ नंतर 'प्लग अँड प्ले' पद्धतीची कार्डे आली. त्यांना पत्ता व घंटा यंत्रच वाटून देऊ लागले. पुढील पीसीआय खाचांत तर एक घंटा अनेकांस सुरळीत वापरता येते. त्यामुळे आजच्या तरुणांस जम्पर ठाऊक नसतो.

त्या दुपारी नोंदी बाहेर आल्या, आणि यथावकाश त्या गृहस्थांचे निवृत्तिवेतन सुरू झाले. पेटी बंद करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक कार्डाचा पत्ता व घंटा एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतील बाजूस चिकटविली. आपल्याकडे असे जुने यंत्र असेल, तर आपणही तेवढे अवश्य करावे.