‘पोहता येणे’ आणि ‘पोहणे’

‘मुलाला पोहता येते’ असे आपण म्हणतो तेव्हा मूल प्रथमेत नसते, चतुर्थीत असते. आणि विधान तेथेच संपते. विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेल्यास हे वाक्य पुरेसे होते; तो बुडणार नाही, एवढीच ग्वाही द्यावयाची असे. शिकवणीच्या वर्गातून स्पर्धात्मक क्लबाच्या पहिल्या गटात जाणाऱ्या मुलाची पंचाईत नेमकी येथे होते. तेथे विचारतात, ‘तो ५० मीटर किती वेळात पोहतो?’ मूल प्रथमेत येते, आणि अंतर व काळ ही परिमाणे क्रियापदास चिकटतात.

‘आठ वेळा ५० मीटर, दीड मिनिटावर’ ही आज्ञा पाहा. यातील दीड मिनिट हा विश्रांतीचा अवधी नव्हे. दर दीड मिनिटाने सुटावयाचे, असा अर्थ. ६० सेकंदांत पोचणाऱ्यास ३० सेकंद उसंत लाभते, ८० सेकंद घेणाऱ्यास केवळ १०. जो अधिक दमला त्यालाच विश्रांती कमी! नवख्यास हा अन्याय वाटतो, पालकांस तर विशेषच. म्हणून समंजस शिक्षक त्याच्यापुरता अवधी वाढवितो किंवा अंतर कमी करितो.

नियमांचेही तसेच. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना वा शर्यत संपविताना दोन्ही हात भिंतीस एकाच वेळी लागले नाहीत, तर पोहणारा बाद होतो. वर्गातील ‘काठ धरणे’ येथे ‘स्पर्श’ ठरते. उताणे पोहताना भिंतीपूर्वी ५ मीटरवर टांगलेल्या पताका दिसताच हात मोजावयाचे. मान वळवून पाहण्याची जुनी सवय मात्र लवकर सुटत नाही.