टांकसाळीची चूक की बाहेरची करामत?

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेले एक रुपयाचे नाणे आपल्यापैकी अनेकांनी घरात जपून ठेवले आहे. "याच्यात चूक आहे, लाखाला जाईल," असे कोणी सांगितले की घरात चर्चा सुरू होते. लाखाचा हिशेब नंतर करावा. आधी विचारावे, ही चूक टांकसाळीत घडली कशी?

धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात आणि प्रत्येक चकती दोन ठशांमध्ये दाबतात. या कामात जी चूक होऊ शकते तीच खरी. चकती सरकली तर चित्र एका बाजूला जाते व उरलेली जागा कोरी राहते. ठशाला चीर पडली तर धातू तिच्यात शिरतो व नाण्यावर उंच रेघ उठते. रेघ खोलगट असेल तर तो बहुधा ओरखडाच. ठशात ग्रीस किंवा कचरा भरला तर अक्षर पुसट येते. परंतु वापराने झिजलेले अक्षरही पुसटच दिसते, म्हणून नवख्याने यावर पैसे घालू नयेत.

कडेचा तुकडा कमी असलेले नाणे मात्र पाहण्यासारखे. पत्रा कापताना यंत्र आधीच्या भोकावर पडले तर चकती चंद्रकोरीसारखी तुटकी निघते. तिची कड उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब पडत नाही, म्हणून तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड दबकी राहते. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड सहसा ठसठशीत असते. कारखान्यात काम केलेल्या आपल्या वाचकांना हे लगेच पटेल.

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याचे उलटे, खोलगट चित्र उमटते. अशा नाण्याला संग्राहक चांगली किंमत देतात, म्हणून नकलाही होतात. दोन नाणी वाइसमध्ये आवळली की तसेच चित्र येते, पण मागची नक्षी चेपते.

आता चूक नसलेल्या 'चुका'. सालाखाली चौकटच्या पत्त्यासारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. दहाच्या जुन्या नाण्यांवर रुपयाचे चिन्ह नाही, कारण ते नाण्यांवर २०११ पासून आले.

जुनी नाणी विकून देतो म्हणून आपल्याकडूनच आधी 'कमिशन' मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले आहे. बँकेच्या नावाने कोणी असे पैसे मागितले तरी देऊ नयेत. बँक या व्यवहारात नसते आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

सुरुवात घरातल्या सुट्या पैशांपासून करावी. एक साधे भिंग पुरे. नाणे दोन-तीन जाणत्यांना दाखवावे, आणि तोवर ते चिंचेने घासून चकचकीत करू नये. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.