अनोळखी पाहुणा

दिवेलागणीची वेळ आहे. दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहतो. पाठीवर पिशवी, पायांवर धूळ. तो म्हणतो, "रात्रीपुरता आसरा द्याल का?"

तुम्ही काय कराल?

खरे सांगायचे तर अशा वेळी मनात दोन विचार एकदम येतात. एक मन म्हणते, बिचारा दमला आहे, भाकरतुकडा द्यावा. दुसरे मन म्हणते, कोण कुठला, चोर असला तर? या दुसऱ्या मनाला आम्ही नावे ठेवणार नाही. घरात लेकीसुना असतात, दाणागोटा असतो. भीती वाटणारच.

पण जगात अशीही माणसे आहेत की जी अनोळखी माणसाला आपण होऊन घरी राहायला बोलावतात. तोही परक्या देशातला, परक्या भाषेचा. त्याच्याकडून पैसे घेत नाहीत. आणि ती स्वतः प्रवासाला निघाली, की तशीच दुसऱ्या कोणाच्या घरी उतरतात. अशा रीतीने कित्येकांनी देशामागून देश पाहिले आहेत. मग त्यांना भीती वाटत नाही काय? वाटते. पण तिच्यावर त्यांनी एक तोड काढली आहे. ती कशी निघाली, ते आता पाहू.

युरोप खंडात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. आपल्या महाराष्ट्राचे सात भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा. दूध, लोणी आणि शेती यांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्या देशात शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी लोकशाळा निघाल्या. पहिली लोकशाळा १८४४ साली रोडिंग या गावी निघाली. कल्पना ग्रुंटविग नावाच्या एका पाद्रीबुवांची. या शाळांत परीक्षा नाही, गुण नाहीत. विद्यार्थी शाळेतच राहतात, एकत्र जेवतात, गाणी म्हणतात, देशाच्या कारभारावर बोलतात. आम्ही सारा जन्म परीक्षा घेण्यात आणि वह्या तपासण्यात घालवला. तेव्हा अशा शाळेचे आम्हाला नवल वाटते, आणि थोडा हेवाही वाटतो.

अशीच एक लोकशाळा आस्कोव या गावी आहे. १९४९ साली तेथे बॉब लुइटवायलर नावाचा एक अमेरिकन तरुण होता. दुसरे महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती. या युद्धात शस्त्र हाती घ्यायला त्याने नकार दिला होता. गांधीजींच्या विचारांचा त्याच्या मनावर परिणाम झाला होता. शाळेत निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी होते. त्यांच्यात सारखा एकच विषय निघे. पुन्हा असे युद्ध होऊ नये म्हणून आपल्यासारख्या साध्या माणसांनी काय करावे?

त्या वेळची स्थिती ध्यानात घ्या. १९४० पासून १९४५ पर्यंत डेन्मार्क जर्मन फौजेच्या ताब्यात होता. लोकांच्या मनातला राग ताजा होता. जर्मन म्हटला की शत्रू, एवढेच ठाऊक. त्याच्या घरी चूल कशी पेटते, त्याची म्हातारी आई कशी आहे, हे कोणी पाहिलेले नव्हते. या तरुणांना वाटले, सरकारे तह करतात आणि मोडतात. पण ज्याच्या घरी आपण जेवलो, ज्याची मुले आपल्या मांडीवर खेळली, त्याच्यावर गोळी झाडायला हात सहजासहजी उचलत नाही. तेव्हा माणसांनी एकमेकांच्या घरी जाऊन राहावे.

म्हणून त्यांनी वेगवेगळ्या देशांत पाहुणा ठेवून घेणारी घरे शोधली. त्या घरांची यादी केली. १९५२ च्या सुमारास या कामाला 'सर्वास' असे नाव मिळाले. हा शब्द एस्पेरांतो भाषेतला आहे. ही भाषा कोणत्याच देशाची नाही. सर्व देशांच्या लोकांना सारखी सोपी जावी म्हणून झामेनहोफ नावाच्या एका डॉक्टरने ती तयार करून १८८७ साली प्रसिद्ध केली. त्या भाषेत 'सर्वास' म्हणजे सेवा करतो, सेवा करतात. आपल्या मराठीत 'सर्वांस' म्हणजे सगळ्यांना. हा निव्वळ योगायोग आहे, पण आम्हाला तो फार आवडला.

आता भीतीवरची तोड पाहू.

समजा, एका बाईला या रीतीने परदेशी जायचे आहे. ती उठली आणि निघाली, असे होत नाही. आधी तिच्याच देशातला सर्वासचा एक जुना सभासद तिला भेटतो. समोरासमोर बसून बोलतो. तुम्ही कशाला निघालात? लोकांच्या घरी कसे राहाल? फुकट मुक्काम मिळतो म्हणून तर निघाला नाहीत ना? बोलण्यावरून त्याची खात्री पटली, तर तिला ओळखपत्र मिळते. त्यात तिने स्वतःविषयी थोडे लिहायचे असते. मग तिला यजमानांची यादी मिळते. कोणत्या गावी कोण आहे, काम काय करतो, कोणत्या भाषा बोलतो, किती पाहुणे ठेवू शकतो, हे त्या यादीत असते. तिने यजमानाला आधी कळवायचे. यजमानाला सोयीचे असेल तर तो 'या' म्हणतो. नसेल तर 'नाही' म्हणतो, आणि त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. दारात आल्यावर तिने पहिल्यांदा ओळखपत्र दाखवायचे.

आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, की ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. त्या हिशेबाने हा पाहुणा अतिथी नव्हे. तो कळवून येतो. तेच बरे आहे. अचानक आलेल्या माणसाला आपण दयेने घरात घेतो. कळवून आलेल्याला विचार करून घेतो.

मुक्काम साधारणपणे दोन रात्रींचा. यजमानानेच आग्रह केला तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे म्हण आहेच: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. डेन्मार्कच्या शाळेतल्या पोरांना मराठी येत नव्हती, पण हिशेब तोच निघाला.

आणि पैसे घ्यायचे नाहीत. पाहुणा संस्थेला वर्गणी देतो, यजमानाला काही देत नाही. पैसे दिले की तो गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाईक म्हणतो, चहा गार का? पाहुण्याला तसे म्हणता येत नाही. त्याने घरच्यांबरोबर बसायचे, बोलायचे, भांडी घासू लागायची, अंथरूण आपले आपण काढायचे. हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहितो. आपल्याकडे पाहुण्याला 'या' म्हणतो पुरुष, आणि राबते घरची बाई. पाहुणे वाढले की तिचे निजणे अकरावर जाते. पाहुणचाराची कीर्ती गावभर होते ती घरधन्याची. ही रीत आम्हाला बरी वाटत नाही.

दुसरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाहुणचाराच्या बाबतीत आपण कमी नाही. आषाढी वारीच्या दिवसांत वाटेवरची गावे हजारो वारकऱ्यांना जेवू घालतात. ज्याला जेवायला वाढले त्याचे नावही ठाऊक नसते. पण एरवी? वाटसरू पाणी मागतो, आणि आपण तांब्या देण्याआधी विचारतो, "आडनाव काय तुमचं?" आडनाव कशासाठी विचारतो, ते विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. परदेशच्या गोऱ्या पाहुण्याला मात्र कोणी आडनाव विचारीत नाही. त्याला थेट माजघरात पाटावर बसवतात. आपल्याच वेशीजवळ राहणाऱ्या माणसाला अंगणात उभा ठेवतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सर्वासच्या कामात वंश, धर्म किंवा देश यांवरून भेद करायचा नाही, असा दंडक आहे. हा दंडक आपल्या घराला लावायचा झाला, तर पहिला अनोळखी पाहुणा परदेशातून यायला नको. तो आपल्याच गावात सापडेल.

आता यादी नाही, ओळखपत्र नाही, असेही जग फिरता येते काय? दोघा भारतीय तरुणांनी ते करून दाखवले. एक राजस्थानचे सतीश कुमार. दुसरे ई. पी. मेनन. अणुबाँब बाळगणाऱ्या देशांच्या राजधान्यांपर्यंत चालत जायचे आणि शांततेचा निरोप पोचवायचा, असे त्यांनी ठरवले. दोघेही विनोबांच्या विचारांचे. म्हणून ते विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले.

विनोबा म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावचे. १९५१ पासून ते भूदानासाठी गावोगाव पायी हिंडत होते. रोज नवे गाव, रोज नवे घर. या गोष्टीतला त्यांचा अनुभव मोठा. त्यांनी दोघांना सांगितले, जवळ एक पैसाही ठेवू नका. आणि शाकाहार सोडू नका. पैसा असला तर तुम्ही दमूनभागून खाणावळीत जाल, जेवाल आणि झोपाल. पैसा नसला तर कोणाचे तरी दार वाजवावेच लागेल, बोलावेच लागेल. आणि मांस खात नाही म्हटले, की लोक 'का?' म्हणून विचारतील. मग अहिंसेचे बोलणे आपोआप निघेल.

१९६२ साली दिल्लीला गांधीजींच्या समाधीपासून ते निघाले. पाकिस्तानची हद्द आली. निरोप द्यायला आलेल्या मंडळींपैकी एकाने जेवणाच्या पुड्या पुढे केल्या. पलीकडे शत्रूचा मुलूख, जेवायला कोण घालणार? सतीश कुमार यांनी त्या पुड्या घेतल्या नाहीत. त्यांनी उत्तर दिले, की या पुड्या जेवणाच्या नाहीत, अविश्वासाच्या आहेत. पाकिस्तानात कोणी जेवायला घातले, तर त्याला आम्ही काय सांगू? तुमचा भरवसा नव्हता म्हणून शिदोरी आणली, असे? दोघे हद्द ओलांडून गेले, तर पलीकडे एक तरुण त्यांना शोधत आलेला होता. त्यांची बातमी त्याने वाचली होती. तो त्यांना लाहोरला आपल्या घरी पाहुणा म्हणून बोलवायला आला होता. ही हकिकत सतीश कुमार यांनी पुढे स्वतः सांगितलेली आहे.

तेथून अफगाणिस्तान, इराण, त्या वेळचा सोव्हिएत संघ, मॉस्को, पॅरिस, लंडन, आणि समुद्र ओलांडून वॉशिंग्टन. सुमारे ८,००० मैलांची ही यात्रा. कधी उपासही घडला. पण बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी दार उघडले. सोव्हिएत संघात चहाच्या एका कारखान्यातल्या बायकांनी त्यांना आत बोलावले, खाऊ घातले. त्यातल्या एकीने चहाची चार पुडकी दिली. चार देशांच्या चार मुख्यांना ती द्या म्हणाली. बाँबचे बटण दाबण्याचे मनात आलेच, तर आधी थांबा, हा चहा करून प्या आणि विचार करा, असा तिचा निरोप होता. ती पुडकी त्यांनी चारही राजधान्यांपर्यंत नेली.

दोघेही तरुण पुरुष होते, हे मात्र विसरू नये. एकट्या बाईला अशी यात्रा तेव्हा अवघड होती आणि आजही अवघडच आहे. म्हणून ओळखपत्राची आणि यादीची पद्धत आम्हाला जास्त उपयोगी वाटते. तिच्या जोरावर बायकाही एकट्या फिरतात.

अलीकडे हे काम मोबाइलवरही चालते. २००४ साली काउचसर्फिंग नावाची सोय इंटरनेटवर सुरू झाली. काउच म्हणजे सोफा. यजमानाच्या सोफ्यावर झोपायचे आणि पुढच्या गावी जायचे, असा त्या नावाचा भाव. तेथे पाहुणा यजमानाविषयी आणि यजमान पाहुण्याविषयी चार ओळी लिहितो. पुढच्याने त्या वाचून ठरवायचे. लाखो लोक त्यात आले. मग २०११ साली त्याची कंपनी झाली आणि २०२० पासून सभासदांकडून पैसे घेणे सुरू झाले. पुष्कळ जुन्या सभासदांना ते रुचले नाही. शिवाय चार ओळी खोट्याही लिहिता येतात. समोर बसून बोलणाऱ्या माणसाला फसवणे त्याहून कठीण.

भारतातही सर्वासची शाखा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मनात आले, तर घर मोठे पाहिजे असे नाही. रात्री ठेवून घेणे जमत नसेल, तर दिवसा दोन-चार तास भेटणारे यजमानही यादीत असतात. परदेशी माणूस घरी मुक्कामाला राहिला, तर त्याची वर्दी सरकारात द्यावी लागते. ते काम आधी ग्रामसेवकाला किंवा पोलीस पाटलाला विचारून समजून घ्यावे. पाहुणा कोणीही असो, घरच्या बायामाणसांना विचारल्यावाचून 'या' म्हणू नये. पहिल्या भेटीत मन कचरले तर 'नाही' म्हणायला लाजू नये.

इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही. गावात शाळेत जाणारी पोरे आहेत, ती तोडकेमोडके बोलतात. उरलेले हातवारे करून भागते. पाहुण्याला ताजमहाल बघायचा असला, तर तो आग्र्याला जाईल. तुमच्याकडे तो येतो ते भाकरी कशी थापतात, विहिरीला पाणी किती, पोरे शाळेत किती लांब जातात, हे बघायला. तो पुष्कळ विचारील. तुम्हीही त्याला विचारा. तुमच्याकडे गाय किती दूध देते? मुलीच्या लग्नाला कर्ज काढावे लागते काय? म्हातारपणी आईबापांना कोण सांभाळते?