लिफ्ट पंप बदलताय? आधी गेज बसवा!

१९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या डॉज रॅम पिकअपमधलं ५.९ लिटरचं, २४ व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन म्हणजे दणकट गडी. मोठी दुखरी नस म्हणजे इंजिन ब्लॉकवर बसवलेला छोटा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप.

हा पंप टाकीतलं डिझेल व्हीपी ४४ इंजेक्शन पंपापर्यंत पोचवतो. व्हीपी ४४ ला थंडावा आणि वंगण, दोन्ही त्या डिझेलमधूनच मिळतं. गंमत म्हणजे लिफ्ट पंप दमला तरी गाडी चालत राहते; आत मात्र महागडा इंजेक्शन पंप झिजत असतो.

म्हणून:

🔧 आधी डिझेलचं प्रेशर दाखवणारं गेज लावा. ओझं घेऊन चढ चढताना काटा १० पीएसआयच्या खाली गेला, तर धोका समजा.

🔧 नवा पंप टाकीजवळ, चासीवर लावा. पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा.

🔧 फास, एअरडॉगसारख्या ब्रँडच्या लिफ्ट पंप किटमध्ये फिल्टरसोबत पाणी आणि हवा वेगळी करण्याचीही सोय असते.

🔧 डिझेल पाइपच्या जोडांवरच्या बॅन्जो बोल्टची अरुंद भोकं डिझेलची वाट अडवतात. मोठा पाइप टाकताना हे बोल्टही बदला.

🔧 पंपाला करंट रिलेमार्फत द्या. काम झालं की पाइपमधली एअर काढा, गळती तपासा.

गेजचा खर्च किरकोळ, वाचतो तो अख्खा इंजेक्शन पंप!